तिसरा तास

आमच्या शाळेचं वेळापत्रक मी करायची. हे वाक्य भूतकाळात लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतं, तेव्हा ते आधीच सांगून टाकलेलं बरं. शाळा अकोल्यातली, जुनी, पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन नाहीतर तीन तुकड्या. मी गणित शिकवते. पण गणिताची मॅडम म्हणून मला पोरं ओळखत, स्टाफ मला ओळखायचा तो वेळापत्रकाची मॅडम म्हणून.

आमच्या विदर्भात शाळा उघडतात उशिरा, जून संपता संपता, कारण त्याआधी ऊन माणसाला उभं राहू देत नाही. शाळा उघडायच्या आधीचे काही दिवस मी प्रयोगशाळेत कूलर लावून बसायची. जुना मऊ नोटीस बोर्ड जमिनीवर आडवा टाकायचा, त्यावर खडूनं वार आणि तास आखायचे, आणि प्रत्येक शिक्षकाच्या नावाच्या चकत्या टाचणीनं टोचत जायचं. चकत्या मी लग्नपत्रिकांच्या कापायची. पत्रिकेचा कागद जाड असतो, वर्षभर मुडपत नाही, आणि आमच्याकडे पत्रिकांना काय तोटा! भूगोलाचे सर जांभळे, मराठीच्या मॅडम गुलाबी, पीटीचे सर सोनेरी वेलबुट्टीचे. एक चकती हलवली की चार हलवाव्या लागत. दोन तुकड्यांत एकाच वेळी एकच मास्तर गेला की टक्कर झाली म्हणायचं, आणि टक्कर सुटेपर्यंत मी जेवायला उठत नसे. घरचे म्हणत, शाळा काय तुझ्या नावावर केली आहे का. मी म्हणायची, तसंच समजा.

आणि त्या दिवसांत माझा काय तोरा असे. स्टाफमधलं एकेक जण काहीतरी निमित्त काढून प्रयोगशाळेत डोकावायचं. चित्रकलेच्या सरांना शनिवारी शेवटचा तास नको, कारण त्यांना हिवरखेडला शेतावर जायचं असे. संगीताच्या सरांना पहिला तास नको, त्यांचा गळा म्हणे उशिरा उघडतो. कुणी आंबे घेऊन येई, कुणी आमरसाबरोबर खायची घरची सरगुंडे. मी कुणाला हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. बोर्डाकडे पाहून नुसतं "बघू" म्हणायचं. या बघूत फार गंमत असते हो. ज्यांनी कधी ते म्हटलं नाही त्यांना कळणार नाही.

एकटी आपा कधी काही मागायला आली नाही. आपा आमच्या हिंदीच्या मॅडम. सगळी शाळा त्यांना आपा म्हणते, मुख्याध्यापकसुद्धा, आणि मी तर अगं-तुगं करते, कारण आम्ही दोघी एकाच वर्षी या शाळेत लागलो. तिनं मागायची गरजच काय होती? तिचं मी सगळ्यात आधी ठरवून टाकायची. कोऱ्या बोर्डावर पहिल्या दोन चकत्या टोचायच्या त्या आमच्या मोकळ्या तासाच्या. तिचा तिसरा तास मोकळा, माझाही तिसरा तास मोकळा, आणि बाकी कुणाचाही तिसरा मोकळा राहणार नाही याची मी काळजी घ्यायची. तिसऱ्या तासाला स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच असायचो ते काही नशिबानं नव्हे. हे मी कुणाला सांगितलं नाही, आपालाही नाही.

तो तास म्हणजे माझा दिवस होता. बाहेर वऱ्हांड्यात पाढे चाललेले, आत पंखा कुरकुरतो आहे, शिपाईकाका चहा ठेवून गेले आहेत. मी डबा उघडायची, तीही उघडायची. तिच्या अंबाडीच्या भाजीतला लसूण माझ्या घरच्या कुणाला कधी जमला नाही. माझ्या जवसाच्या चटणीवर ती जीव टाकायची. सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल, मुख्याध्यापकांच्या भाषणाबद्दल जे काही बोलायचं ते तिथे. मोठ्या सुट्टीत बोलणं व्हायचं नाही. चौथा तास संपला की सुट्टी, आणि सुट्टीत आपा ग्रंथालयात नमाज पढायला जाई आणि मी गर्दीत बसून चहा पीत असे. मग पाचव्याची घंटा. तिसरा तास नसता तर आम्ही दोघी नुसत्या एका शाळेतल्या दोन बाया राहिलो असतो.

आता त्या पोरीचं सांगते.

ती आली विज्ञानाला, दर्यापूरवरून. रोज अपडाऊन. सकाळी जीप भरेपर्यंत सुटत नाही म्हणून ती घरून अंधारातच निघायची आणि शाळेत पोचायची ती ओढणीवर धूळ घेऊन. दिसायला साधी, बोलायला गोड, आणि हात लावील ते यंत्र तिचं ऐकायचं. मला याचाच राग. आम्हा बाकीच्यांचं यंत्रांशी कधी जमलंच नव्हतं. हजेरीचं अंगठ्याचं मशीन माझा अंगठा घेत नसे, खडूनं घासून घासून त्यावरच्या रेघा गेल्या म्हणे. रोज सकाळी मी त्या मशीनसमोर आरतीला उभी राहिल्यासारखी उभी, आणि ते मला पुन्हा प्रयत्न करा म्हणे. गुण भरायची वेबसाइट दुपारी हँग. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी जायचा जुन्या मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर, आणि ते रिटायर होऊन चिखलदऱ्याला मुलाच्या रिसॉर्टवर, जिथे रेंज नाही. वर्गातल्या मोठ्या पडद्याचा पेन कुणी नेला ते अजून कळलेलं नाही. आम्ही सगळे यावर एकत्र कुरकुरायचो, आणि त्यातही एक गोडी होती.

ही आली आणि आमची कुरकुरच बंद केली. मला म्हणाली, मॅडम, अंगठा नका लावू, करंगळीची नोंद करू, करंगळीनं कोण खडू धरतं? मशीननं माझी करंगळी पहिल्या झटक्यात घेतली. सगळ्यांनी वाहवा केली. मी पण केली, तोंडानं. मनात म्हटलं, एवढं साधं मला का नाही सुचलं. मग तिनं पोषण आहाराची रोजची माहिती भरायचं काम अंगावर घेतलं. ते काम सगळे टाळत, कारण मोठ्या सुट्टीत खिचडी वाटताना उभं राहा, पोरं मोजा, फोटो काढा, चढवा. तिची सुट्टी त्यातच जाई. स्टाफला वाटलं, देवच पावला. नव्याची नवलाई, मी म्हटलं, चालू द्या.

पण आपाही तिच्या बाजूला बसायला लागली, तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आपाला गुणांची शीट मोबाईलवर भरायला शिकायचं होतं. माझ्याकडे आली असती तर मी काय शिकवणार, मलाच येत नव्हतं. ती गेली त्या पोरीकडे. दोघी चष्मे वर करून एकाच मोबाईलवर वाकलेल्या, आणि मधूनच आपा हसायची. आपाचं एक हसणं आहे, पोटातून येतं आणि मग ती तोंडावर पदर घेते. ते मी तिसऱ्या तासाचं समजत होते. ते आता कधीही, कुणासमोरही ऐकू यायला लागलं. अमरावतीला ट्रेनिंग लागलं तेव्हा तर हद्द झाली. ट्रेनिंगला मी आणि आपा नेहमी एसटीत एका सीटवर बसायचो, मूर्तिजापूरला उतरून चहा घ्यायचो. या वेळी मी पर्स ठेवून जागा धरली, आणि आपा मागून म्हणाली, "तू बस वं पुढं आरामात, ही पोरगी एकटीच हाय मागं." मूर्तिजापूरला चहा आम्ही तिघींनी घेतला. पैसे पोरीनं मोबाईलवरून दिले आणि आपानं तिच्या गालाला हात लावला. त्या चहात साखर होती की नाही, मला अजून आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पोरीवर काय जळायचं, मुलीच्या वयाची ती. मुलीच्या वयाची होती म्हणूनच. बरोबरीच्या बाईवर जळलं तर भांडून तरी मोकळं होता येतं.

पुढचा जून आला. मी नेहमीसारख्या पत्रिका जमवून ठेवल्या होत्या, त्या वर्षी लग्नंही खूप होती, रंगांची चंगळ होती. मुख्याध्यापकांनी बोलावलं. म्हणाले, मॅडम, यंदा तुमचा त्रास वाचला. नव्या मॅडमकडे एक सॉफ्टवेअर आहे, त्यात शिक्षक, विषय, तुकड्या टाकल्या की वेळापत्रक आपोआप तयार होतं, एक टक्कर राहत नाही. ते हे इतक्या आनंदानं सांगत होते की माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवल्यासारखं त्यांना वाटत असावं. मी म्हटलं, चांगलंच झालं सर, माझे डोळे दुखायचे. आणि बाहेर आले. वऱ्हांड्यात उभी राहून दुपारच्या उन्हाकडे पाहत राहिले. अहो, कुणाचा त्रास वाचला? त्यासाठीच तर मी जगत होते जूनभर.

त्या संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. कुणाला कोणता तास मोकळा हवा, काय अडचण आहे, उद्यापर्यंत कळवा, जमेल तेवढं टाकते. खाली सगळ्यांचे अंगठे, हात जोडलेले, फुलं. चित्रकलेच्या सरांनी तर चार ओळी लिहिल्या. मी काही लिहिलं नाही. मी का लिहू? आपल्याच घराच्या दारात उभं राहून आत येऊ का विचारायचं? मला वाटलं, ती येईल. येऊन म्हणेल, मॅडम, तुमच्याशिवाय जमणार नाही, हे कसं बसवायचं सांगा. मग मी "बघू" म्हणणार होते. ती आली नाही. तिला वाटलं असेल, मॅडमना काही नको असेल.

वेळापत्रक लागलं त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे जमले. कॉम्प्युटरवर छापलेलं, रंगीत, सरळ रेघांचं. मी चष्मा पुसून सगळ्यात पुढे उभी राहिले आणि टक्कर शोधायला लागले. खरं सांगते, देवाला म्हटलं, एक तरी सापडू दे. दोन तुकड्या एकदम मैदानावर पाठवल्या आहेत का पाहिलं. संगीताच्या तासाला शेजारच्याच वर्गात चाचणी आली आहे का पाहिलं. सहावीच्या वर्गाला लागोपाठ गणित दोनदा आलं आहे का पाहिलं. काही नाही. चित्रकलेच्या सरांचा शनिवार मोकळा, संगीताच्या सरांचा गळा सुरक्षित. माझ्या हातून वर्षाकाठी एखाद-दुसरी टक्कर राहायचीच, ऑगस्टमध्ये लक्षात यायची. इथे औषधालाही सापडेना.

मग मी माझी ओळ पाहिली. तिसरा तास मोकळा होता. बरं वाटलं, म्हणजे सॉफ्टवेअरलाही थोडी अक्कल आहे. मग आपाची ओळ पाहिली. तिसऱ्या तासाला आपा आठवी अ वर. मोकळा होता पाचवा. आणि पाचव्याला आणखी एकच ओळ मोकळी होती, त्या पोरीची.

मी तडक कॉम्प्युटर रूममध्ये गेले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते, पण तो चढला. म्हटलं, हिंदीच्या मॅडमना आठवी अ तिसऱ्या तासाला कशी काय, ते पोट्टे त्या वेळी ऐकत नाहीत, पाचव्यालाच हिंदी चांगली होते, इतकी वर्षं वेळापत्रक केलं आहे, तुला काय माहीत. मी काय बोलत होते ते मलाच कळत नव्हतं. पोरीनं खुर्ची पुढे केली. म्हणाली, मॅडम, पाचवा तर आपा मॅडमनीच मागितला. मी विचारलं, काहून? ती म्हणाली, ते तुम्ही त्यांनाच विचारा न.

शाळा सुटल्यावर मी आपाला स्कूटर स्टँडवर गाठलं. ती हेल्मेट घालायच्या बेतात होती. मी सरळ विचारलं, पाचवा तास तू मागितला का? ती म्हणाली, हाव. मी म्हटलं, काहून?

तिनं हेल्मेट सीटवर ठेवलं. "अवं, सुट्टी केवढी असते," ती म्हणाली. "हातपाय धुऊन वजू करू, नमाज पढू का डबा खाऊ? दोन्ही पळत पळत. कधी नमाजमंदी घंटेचंच ध्यान राहे. सुट्टीले लागूनच पाचवा मोकळा भेटला तर जरा सुकूनानं होते, मंग आरामात डबा."

"डबा तर आपण तिसऱ्याले खातो."

"तिसऱ्याले मले भूक कुठं राहते? तू उघडे म्हणून मी बी उघडत जाय. मंग संध्याकाळी घरी जाऊपर्यंत डोकं दुखे."

पोरं सायकली काढत होती, आम्हाला वळसा घालून जात होती. मग मी म्हटलं, इतके वर्ष बोलली काहून नाही?

"तू एवढ्या हौसेनं ठेवे तो तास," आपा म्हणाली. "मले काय समजत नव्हतं? म्हटलं राहू दे. तुले वाईट वाटलं असतं."

"आन् तिले सांगितलं."

"तिनं इचारलं, म्या सांगितलं." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तू जयून राहिली का त्या पोरीवर?"

"हाव," मी म्हटलं.

आपा हसली नाही, रागावलीही नाही. माझ्या खांद्यावरची पर्स घसरत होती ती तिनं नीट केली आणि स्कूटर सुरू केली.

त्या रात्री मी जेवले नीट, झोपले मात्र नाही. मला वाईट कशाचं वाटत होतं ते मी सांगते. तिची नमाज घाईत होत होती याचं वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त झोंबलं ते हे की तिनं माझं मन राखलं. इतकी वर्षं ती माझं मन राखत होती, आणि मन आपण परक्याचं राखतो. पोरीचं राखावं लागलं नाही. तिला सरळ सांगता आलं, एका वर्षाच्या ओळखीत. मी अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणत होते, मला का नाही सांगितलं, माझ्याशी भांडली का नाहीस, मी "बघू" म्हणाले असते एवढंच ना. आणि मग वाटलं, हो, बघू म्हणाले असते, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच पोरगी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर उभी. ओढणीवर धूळ तशीच. म्हणाली, मॅडम, रात्री आपा मॅडमचा फोन आला होता, म्हणाल्या माझा मोकळा तास पुन्हा तिसरा करून टाक, पाचवा गेला तरी चालेल. करू का? दोन मिनिटांचं काम आहे.

म्हणजे आपा पुन्हा माझं मन राखायला निघाली होती. माझ्यासाठी पुन्हा ती धावत वजू करणार, भूक नसताना डबा उघडणार, माझ्या चटणीची तारीफ करणार. आणि मी समोर बसून ती तारीफ खरी मानणार, असं तिला वाटत होतं.

"नको," मी म्हटलं. "पाचवाच राहू दे तिचा."

पोरगी जायला वळली आणि थांबली. "मॅडम, सगळ्यांचं आलं होतं, तुमचंच काही आलं नव्हतं माझ्याकडं. आम्हाले वाटलं तुमाले विचारायची हिंमत कोण करणार. तुमाले काय पाहिजे ते तर सांगा."

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारणार कसं, बोर्ड माझाच होता. मी त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. चांगली होती हो पोरगी, वाईट म्हणायला जागा नव्हती, आणि त्याचाच तर सगळा त्रास होता. मला मोठेपणानं काही नको म्हणता आलं असतं. तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"मले तुया पाचवा तास पाहिजे," मी म्हटलं.

मी तिला सांगितलं, आणि हे सांगताना माझं डोकं एकदम जुन्या जूनसारखं चालायला लागलं. पाचव्याला माझं नववी ब चं गणित आहे. तिसऱ्याला तिचं नववी ब चं विज्ञान आहे. वर्ग तोच. अदलाबदल केली की माझा पाचवा मोकळा, तिचा तिसरा मोकळा. दुसरी कुठलीच चकती हलत नाही. तिनं लॅपटॉप उघडला, बोटं फिरवली, सॉफ्टवेअरनं काही हरकत घेतली नाही. म्हणाली, खरंच की मॅडम, एकदम क्लिअर बसतं.

मग हळूच म्हणाली, "सुट्टीत मले खिचडीची ड्यूटी राहते ना. पाचव्याले मी डबा खाणार होती, आपा मॅडमसंगं." मी लॅपटॉपच्या पडद्याकडेच पाहत राहिले. ती म्हणाली, "तिसऱ्याले खाईन मी. सकाळी काही खाऊन नाही येत, बरंच होईल उलट." आणि सेव्ह केलं.

त्या दिवशी तिसऱ्या तासाला मी नववी ब ला गणित शिकवलं. स्टाफरूमवरून जाताना काचेतून ती एकटी बसलेली दिसली, मोबाईल पाहत, पुढ्यात डबा. मी थांबले नाही. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. वर्गात मी दोनदा विनोद केला, आणि पोरं हसली नाहीत तरी मला चाललं.

मोठी सुट्टी झाली, घंटा झाली, स्टाफरूम रिकामी झाली. मी खिडकीजवळची खुर्ची आपासाठी ओढून ठेवली. डबा काढला, उघडला मात्र नाही. आज ती निवांत येऊ दे, घाई नको. शिपाईकाकांना चहा दोनच आणायला सांगितला. ग्रंथालयाचं दार वाजलं. आपा आली, चेहरा धुतल्यासारखा शांत, पदर सारखा करत. डबा तिच्या हातात होता. ती दारातच थांबली. मला पाहिलं, ओढलेल्या खुर्चीकडे पाहिलं, मग सगळ्या खोलीत एकदा नजर फिरवली.

"ते पोरगी कुठं गेली?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, वर्गावर आहे, नववी ब वर. ये, बस.